फळ्यावरची आई

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहून झाल्यावर पाच मिनिटं नुसती बसून होते. खोडावं की ठेवावं? शेवटी ठेवलंय. तुमच्या घरात वाढलेली मुलगी पत्राचा मायना चुकवणार नाही, एवढी खात्री बाळगा.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एकदाही लिहावंसं वाटलं नाही आणि आज लिहितेय, त्याला कारण तुमचा शिंदे. हो, तोच, पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी वही पुढे करणारा. आता मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालाय. परवा त्याचा फोन आला. यंदा हिंदी दिवसाला तुमचे जुने विद्यार्थी मिळून तुमच्या नावाने कार्यक्रम करतायत, स्मरणिका काढतायत. 'घरातले सर' या विषयावर एक पान मी लिहून द्यायचंय. आणि त्यांना फळा हवाय.

"ताई, तो फळा आहे ना हो अजून? 'आज की अशुद्धि'वाला? मंचावर मधोमध ठेवू. काकूंची ती एकेक वाक्यं! काय हसायचो आम्ही!"

मी म्हटलं, "आहे."

"काकूंनाही घेऊन या. त्यांचाही सत्कार करू. सरांच्या यशात त्यांचा वाटा होताच की!"

वाटा होताच. रोज एक वाक्य.

फोन ठेवून पान लिहायला बसले. वर 'घरातले सर' लिहिलं, खाली पट्टीने रेघ मारली, आणि पुढे जे सुचायला लागलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नव्हतं. म्हणून तुम्हालाच लिहितेय. लाल पेन्सिल घेऊन बसा, हवं तर. मराठीत आहे, तरी काहीतरी सापडेलच तुम्हाला.

रास्ता पेठेतल्या आपल्या दोन खोल्या आठवतात? बाहेरच्या खोलीत संध्याकाळी सहा वाजता सतरंजी पडायची आणि तुमचा हिंदीच्या परीक्षांचा वर्ग भरायचा. भिंतीवर तो फळा. त्याच्या वरच्या बाजूला तुम्ही पेंटर बोलावून पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचा मथळा रंगवून घेतला होता, 'आज की अशुद्धि'. रोज कोण लिहीत बसणार, म्हणालात. खाली खडूने रोज एक चुकीचं वाक्य आणि मुलांनी ते दुरुस्त करायचं. चुकीची वाक्यं शोधायला तुम्हाला कुठे लांब जावं लागत नव्हतं. ती आतल्या खोलीत स्टोव्हपाशी मिळायची.

आई काहीही बोलली की तुमचे डोळे चमकायचे. "वाह! शाम को यही लेंगे," म्हणायचात. तिला वाटायचं, कौतुक करतायत. किती महिने तिला असं वाटत राहिलं, अण्णा? तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

आत्याने मला एकदा सांगितलं होतं, तुम्ही बुंदेलखंडातल्या सागरला हिंदी घेऊन एम.ए. करायला गेलात आणि घरमालकांच्या मुलीच्या, गेंदाच्या, म्हणजे आईच्या बोलण्यावर भाळलात. रूपावर नाही, बोलण्यावर. तुम्ही आत्याला तसं पत्र लिहिलं होतंत म्हणे, की ही मुलगी अंगणात कुणाशीही बोलत असली की मी पुस्तक मिटून ऐकत बसतो. आजोबांच्या विरोधाला न जुमानता तुम्ही तिच्याशी लग्न केलंत. पुण्यात आणलंत. सत्यनारायणाच्या दिवशी तांदळात बोटाने गेंदाची शालिनी केलीत. आणि जे ऐकायला पुस्तक मिटत होता ते फळ्यावर लिहून त्याखाली लाल खडूने रेघा मारायला लागलात. का हो? मला हे आजतागायत कळलेलं नाही. आवडलं होतं ना तुम्हाला?

आता मी माझ्याबद्दल सांगते. तुम्हाला एकट्याला झोडपून मी सुटणार नाही, ते मला माहीत आहे.

मी नऊ वर्षांची होते. वर्गात सगळ्यात लहान. त्या दिवशी फळ्यावर वाक्य होतं, 'दूध उफन गओ.' सकाळी आईच्या हातून दूध उतू गेलं होतं आणि ती कळवळून तेवढंच म्हणाली होती. तुम्ही विचारलंत, "कौन बताएगा?" मी हात वर केला. शिंद्याच्याही आधी. उभी राहिले आणि खणखणीत आवाजात दुरुस्त करून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "शाबाश! देखो, जो माँ को नहीं आता वह बेटी को आता है." सगळा वर्ग हसला. मीही हसले, अण्णा. आई तेव्हा आतल्या दारात चहाची थाळी घेऊन उभी होती.

तिने थाळी खाली ठेवली आणि पदराने तोंड झाकलं. रडत नव्हती. आपल्या तोंडातून पुन्हा काही निसटू नये म्हणून धरून ठेवल्यासारखं ते झाकणं होतं. त्यानंतर ती घरात हिंदी बोललीच नाही. माझ्याशी मराठीत बोलायची, ते पण मोजकं, अडखळत. वाण्याच्या दुकानात तो म्हणायचा, "काकू, नीट मराठीत सांगा, म्हणजे आज मिळेल." ती बोटाने डबे दाखवायला शिकली.

तिने मला एकही गोष्ट सांगितलेली आठवत नाही. तिच्या आईचं, अंगणाचं, गावातल्या तळ्याचं काही नाही. मराठीत तिला ते सांगता येत नव्हतं आणि ज्या भाषेत येत होतं ती फळ्यावर जात होती. लहानपणी ती मला 'बिन्नू' म्हणायची. तुम्ही तेही बंद केलंत. "इसका नाम वासंती है. नाम से पुकारो."

एक हलीमाखाला तेवढी होती. शेजारच्या खोलीतली, साड्यांना फॉल-बीडिंग करून द्यायची ती. दोघी दुपारी गॅलरीत बसायच्या. खालाची हिंदी तुमच्या मते तर आणखी वाईट. तीन पिढ्या पुण्यात काढलेल्या घरातली ती बाई "मेरेकू नक्को" म्हणायची आणि तुम्ही कानांवर हात ठेवायचात. पण तिच्यापुढे आई बोलायची. मी शाळेतून लवकर आले की जिन्यात ऐकू यायचं, एक म्हणतेय "हओ", दुसरी म्हणतेय "हौ". दोघींचाही होकार एकाच घरातला वाटायचा. मी दारात दिसले की आई गप्प. मी तुमची हेर होते ना!

तुम्ही अडाणी असतात तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्हाला सगळं माहीत होतं. वरच्या परीक्षेच्या मुलांना तुम्ही हिंदीचा उगम शिकवायचात तेव्हा मी पण तोंड उघडं टाकून ऐकायचे. हिंदी हा शब्दच मुळात हिंदीचा नाही, तो फारसी बोलणाऱ्यांनी दिला, सिंधूच्या अलीकडचा मुलूख तो हिंद आणि तिथल्यांची बोली ती हिंदी. संस्कृतातून प्राकृत, प्राकृतातून अपभ्रंश आणि त्यातून या सगळ्या बहिणी. ब्रज, अवधी, बुंदेली, भोजपुरी, मैथिली, छत्तीसगढी, मारवाडी. आणि दिल्ली-मेरठकडची खडी बोली, तीही मूळची एक बोलीच. थोर कविता ब्रज आणि अवधीत होत होत्या तेव्हा ही बिचारी बाजारात आणि छावणीत फिरत होती. मग तिला छापखाने मिळाले, शाळा मिळाल्या, कचेऱ्या मिळाल्या आणि ती मोठी झाली. हे तुमचेच शब्द! त्यातलीच एक टोळी दक्षिणेत उतरली, मराठी-तेलुगूच्या शेजारात राहिली आणि तिची दखनी झाली, हेही तुम्हीच सांगायचात. मग हलीमाखाला दाराशी आली की नाक का मुरडायचात?

तुमच्या फळ्यावर 'बुंदेली' हा शब्द सुवाच्य अक्षरात लिहिलेला मी पाहिलाय. बहिणींच्या यादीत, तिसरा. आणि त्याच फळ्यावर दुसऱ्या दिवशी ती बहीण अशुद्धि म्हणून.

फळ्याशेजारचा नकाशाही आठवतो. मॉरिशस, फिजी, सुरिनाम, त्रिनिदाद, सगळीकडे तुम्ही टाचण्या लावल्या होत्यात. "देखो, कहाँ-कहाँ पहुँची है हमारी हिंदी!" छाती फुगायची तुमची. कोण घेऊन गेलं होतं हो ती? उसाच्या मळ्यांत राबायला बोटीत कोंबलेली भोजपुरी आणि अवधी बोलणारी माणसं. तुमचा एकही पदवीधर त्या बोटीत नव्हता. त्या माणसांपैकी एखादी बाई आपल्या वर्गाच्या दारात चहा घेऊन उभी राहिली असती तर तुम्ही तिचंही वाक्य फळ्यावर घेतलं असतंत. बोटीतून लांब गेली तर टाचणी आणि घरात राहिली तर लाल रेघ, असा तुमचा हिशेब.

आणि एकदा उत्तरेतले एक प्राध्यापक घरी जेवायला आले होते. जेवता जेवता सहज म्हणाले, "मराठी भी तो एक प्रकार से हिंदी ही है." अण्णा, तुम्ही आमटीची वाटी बाजूला सारलीत. मराठीचं स्वतंत्र व्याकरण, तिचे संत, तिचा ळ, सगळं त्यांना ऐकवलंत. ते गेल्यावरही आठवडाभर धुमसत होता. आई मला वाढताना त्या दिवशी तुमच्याकडे बघत होती. मला तेव्हा तिच्या बघण्याचा अर्थ कळला नव्हता.

तुम्हालाही कुणीतरी हसलं होतं, हे मला माहीत आहे. प्रयागच्या चर्चासत्रात तुम्ही निबंध वाचलात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "महाराष्ट्र से हैं न? पता चलता है." हे तुम्ही शेवटच्या आजारपणात मला सांगितलंत, चाळीस-पन्नास वर्षांनी, आणि तेव्हाही तुमचा आवाज चिरकला होता. त्यानंतरच तुम्ही इतके कडक झालात का? असेल. मला तुमची कीव आली होती त्या दिवशी, खोटं बोलत नाही. पण एक हसू तुम्हाला जन्मभर पुरलं, आणि आईवर तुम्ही रोज संध्याकाळी सहा वाजता अख्ख्या वर्गाला हसायला लावत होतात.

जनगणनेचं तर विसरताच येत नाही. शिक्षक म्हणून तुम्हाला ती ड्यूटी लागली होती आणि मी तुमच्याबरोबर पिशवी धरून घरोघर हिंडले. 'मातृभाषा' या रकान्यापाशी लोक गोंधळले की तुम्ही प्रेमाने समजावून सांगायचात, "लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलते, ती." किती छान सांगायचात! मला पाठ झालं होतं. मग समोरचा म्हणायचा मारवाडी, किंवा भोजपुरी, आणि तुम्ही मान डोलावून लिहायचात, हिंदी. सांगणारा सांगेल तेच लिहायचं असतं, हे तुम्हाला नेमताना बजावून सांगितलेलं असणार. शेवटी आपल्या घराचा फॉर्म भरलात. आईला समोर बसवून सरकारी आवाजात विचारलंत, "मातृभाषा?"

ती खाली मान घालून म्हणाली, "बुंदेली."

"यानी हिंदी," म्हणालात आणि लिहिलंत.

आई म्हणाली, "हओ."

माझ्या नावापुढे तुम्ही न विचारता मराठी लिहिलंत. लहानपणी माझी आई माझ्याशी जी भाषा बोलत होती ती कुठली, हा प्रश्न त्या दिवशी तुम्ही मला विचारला नाहीत.

आता आजचं सांगते. तुम्ही गेल्यावर आईला मी माझ्याकडे बिबवेवाडीला आणलं. दोन वर्षं बरी होती. मग हळूहळू विसरायला लागली. डॉक्टर म्हणाले, मागाहून शिकलेलं आधी जातं. तसंच झालं. आधी मराठी गेली. एका सकाळी मी विचारलं, "आई, चहा घेतेस ना?" आणि ती परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मग भराभर काहीतरी बोलली. मला त्यातलं निम्मंही समजेना. पन्नाशी उलटलेली मी, हिंदीच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, आणि आईचं बोलणं मला कळेना!

मी माझ्या उत्तम हिंदीत विचारलं, "माँ, आपको क्या चाहिए?"

तिने पदराने तोंड झाकलं.

मग अतिशय सावकाश, एकेक शब्द पारखून म्हणाली, "कुछ नहीं. क्षमा कीजिए." तेवढं शुद्ध हिंदी तिच्यात शिल्लक होतं, अण्णा. तुम्ही शिकवलेलं सगळं गेलं आणि क्षमा मागणं राहिलं.

त्यानंतर तिने एक नवीनच सुरू केलं. दुपार कलली की उठायची, हॉलमधल्या रिकाम्या भिंतीपाशी जायची आणि पदराने भिंत पुसायला लागायची. हात पोचेल तिथपर्यंत, घासून घासून. तोंडाने काहीतरी पुटपुटत. धरून बसवलं तर रडायची. जेवण सुटलं. वजन उतरलं. मी विचारलं की पुन्हा तोंडावर पदर. तीन आठवडे हे चाललं. तिला काय हवंय ते कळलं तर मी काहीही केलं असतं, पण माझ्या तोंडून तुमची हिंदी निघत होती आणि ती तिला ऐकवत नव्हती.

एका रविवारी मार्केट यार्डात कांदे घ्यायला गेले. गाळ्यासमोर एक बाई कांदे निवडत बसली होती, फोन शेजारच्या पोत्यावर चालू ठेवून. मोठ्याने म्हणाली, "काय बिन्नू, रोटी खा लई?" मी जागच्या जागी उभी राहिले. मागून हमाल ओरडला, "ओ बाई, सरका की जरा!" तरी मला हलता येईना. काय बिन्नू, पोळी खाल्लीस? लहानपणी शाळेतून आले की आई हेच विचारायची, तुम्ही बंद करेपर्यंत. मी ते साफ विसरले होते.

तिचं नाव कुसमा. टीकमगढकडची, म्हणजे आईच्याच मुलखातली. मी जवळ जाऊन तिच्याशी बोलले तर ती दचकून उभी राहिली आणि तिनेही पदर तोंडाशी नेला. "जी मैडम?" अण्णा, माझ्या हिंदीत असं काय आहे हो, की तिकडच्या बायका ती ऐकली की तोंड झाकतात?

सुट्टीच्या दिवशी कुसमा घरी आली. आईसमोर जमिनीवर बसली आणि विचारलं, "काय अम्मा, तुमाओ नाँव का है?"

आई म्हणाली, "गेंदा."

मग दोघी बोलत राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, जिथे आई उभी राहायची तशी. आई हसत होती. तिला इतके शब्द आहेत, हे मला माहीतच नव्हतं. हातवारे करून सांगत होती, कुणाची तरी नक्कल करत होती. माझी आई विनोदी आहे, अण्णा! कुसमा हसून हसून डोळे पुसत होती. तुम्ही ऐकलेली ती हीच असणार, पुस्तक मिटून. तुम्हाला एकदा ऐकायला मिळाली होती. मला का नाही मिळू दिलीत?

दुपार कलली तशी आई उठली आणि भिंतीकडे गेली. पुसायला लागली. "मिटा दो, बिन्नू. मोड़ा-मोड़ी आउत हुइएं."

कुसमा माझ्याकडे वळली. "मैडम, अम्मा कह रही हैं, मिटा दो, बच्चे आते होंगे. क्या मिटाना है?"

मी घड्याळ पाहिलं. सहा वाजायला आले होते. तुमचा वर्ग भरायची वेळ.

फळा माळ्यावर होता. तुमची आठवण म्हणून मीच ठेवला होता, टाकून देववला नव्हता. काढला, खुर्चीला टेकवून उभा केला आणि आईच्या हातात ओलं फडकं दिलं. तिने खालचा भाग पुसला. तिथे काही नव्हतंच, धूळ होती. मग वरच्या मथळ्यावर आली. 'आज की अशुद्धि.' पुसलं, पुन्हा पुसलं, नखाने खरवडलं. ऑइलपेंट आहे तो, अण्णा. कायमचा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "नईं मिटत."

तेव्हापासून रोज असंच चाललंय. सहाच्या आधी फळा काढायचा, तिने खालचा भाग पुसायचा, वरच्या अक्षरांशी झटायचं आणि दमून बसायचं. पण निदान थोडं जेवते आता. कुसमा आठवड्यातून एकदा येते. बाकीचे दिवस मी तिच्याकडून शिकलेली वाक्यं बोलून बघते. इतै, उतै, तनक, कछू. इथे, तिथे, जरा, काही. माझ्या इतक्या चुका होतात, की तुमचा फळा आठवडाभर पुरला असता. पहिल्याने आई बिचकायची. मग एकदा मी काहीतरी इतकं चुकीचं बोलले, की ती खुदकन हसली आणि मला नीट म्हणून दाखवलं. हळू. तीनदा. कुणाला बोलावून आणलं नाही, कुठे लिहिलं नाही. चूक अशी पण सांगता येते तर!

मी तिची मुलगी आहे हे तिला आता ठाऊक नाही. परवा, शिंद्याचा फोन येऊन गेला त्याच दुपारी, तिने मला न्याहाळत विचारलं, "तुम कितै की आव?" म्हणजे तू कुठली?

मी म्हटलं, "सागर की."

तिने मला पुन्हा न्याहाळलं. मग मान हलवून म्हणाली, "सागर की नइयां तुम. बोली से नईं लगतीं."

बोलण्यावरून नाहीच वाटणार. कुठून वाटणार? माझा चेहरा उतरलेला तिला दिसला असावा. तिने सरकून शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "मनो बैठ जा, बिन्नू. रोटी खा लई?"

नसलीस तरी बैस. पोळी खाल्लीस का?

अण्णा, मी रडले. सहा वर्षांपूर्वी तुमच्या वेळी रडले नव्हते एवढी रडले.

तर स्मरणिकेचं पान मी लिहिणार नाही. शिंद्याला तसं उद्या कळवते. तो म्हणेल, ताई, चार चांगल्या ओळी तरी द्या. चार ओळी चांगल्या होत्याही तुमच्याकडे, पण त्या मी लिहिल्या तर फळा पण द्यावा लागेल. सत्कारालाही आई येणार नाही. ज्यांच्या हसण्याच्या भीतीने ती अजून भिंती पुसतेय त्यांच्या हातून तिला शाल नको.

जनगणनेचा माणूस यायचाय. तो आला की आईच्या नावापुढे मी बुंदेली लिहायला लावीन, आणि लिहिलेलं वाकून बघीन. पुढे दिल्लीत त्याची बेरीज ते हिंदीतच करतील म्हणे, करोत बापडे. माझ्या नावापुढे काय सांगायचं ते मात्र अजून ठरत नाही. तुम्ही मला न विचारलेला तोच प्रश्न आहे.

एक वचन मात्र देते, आणि हे चुकवणार नाही. उद्या सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणणार आहे. फळा आईसमोर आडवा ठेवून तुमची ती रंगवलेली अक्षरं घासून काढणार आहे, खालचं लाकूड दिसेपर्यंत. एक तुकडा तिच्याही हातात देणार आहे. तिचं उरलंसुरलं भान जायच्या आत, ते पुसलं गेलेलं तिने डोळ्यांनी पाहायला हवं. मला तुमची परवानगी नकोय, फक्त सांगून ठेवतेय. वर्ग सुटला, अण्णा.

तिची,
बिन्नू